धरलं म्हणजे धरलं

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार उभ्यानेच घे, वाकायला कंबर धड नाही. येताना ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांवर झोपलो होतो आणि बटाटा वाटतो तितका मऊ नसतो.

तर पोचलो. हा येतो म्हणाला म्हणजे पुढच्या वर्षी उगवेल, असं तू भावोजींना म्हणालीस, ते मला कळलंय. ह्याच वर्षी आलो, बघ. मिठागरावरचं काम सोडलं. का सोडलं ते भेटीत सांगेन, त्यात एक खेचर आहे आणि मुकादमाची टोपी आहे, पत्रात मावायची नाही.

बाबा ठीक आहेत. दार उघडून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले की वाळलास. आत गेले, पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले आणि म्हणाले की वाळलास. मी म्हटलं, एकदाच वाळलोय. तर हसले. हसले हे लक्षात घे, कारण तुझ्या मागच्या पत्रावरून मला वाटलं होतं की ते मला ओळखणारच नाहीत.

आता खोक्याचं. चिमणी मागे विचारत होती ना, आजोबांच्या बागेतल्या लाकडी खोलीला सगळे खोकं का म्हणतात, तर तिला सांग की आजोबा कारखान्यात यंत्रं भरायची लाकडी खोकी बनवायचे आणि जी बाद व्हायची त्यांच्या फळ्या सायकलवर आणून त्यांनी ही खोली बांधली. अजून भिंतीवर काळ्या अक्षरात ‘ही बाजू वर’ आणि ‘नाजूक’ असं छापलेलं आहे. एका ठिकाणी ‘ही बाजू वर’चा बाण सरळ जमिनीकडे आहे. लहानपणी मी त्या बाणाप्रमाणे खाली डोकं वर पाय करून उभा राहायचो, आणि तू जाऊन आईला सांगायचीस.

ते खोकं आता झुकलंय. मागचे दोन खांब जमिनीच्या जरा वर कुजलेत, मी बोटाने दाबलं तर पाव दाबल्यासारखं बोट आत गेलं. वारा आला की दार आपलं आपण उघडतं आणि लागतं. आणि बाबा दिवसभर त्याच्या आत, सुतारकामाच्या बाकाशी. तू घाबरत होतीस ते बरोबर होतं. अंगावर यायचं एखाद्या दिवशी.

पण तू पाठवलेला त्या पिवळ्या वृद्धाश्रमाचा फोटोही मी बघितला. खिडक्या छान आहेत. तिथे करवत ठेवू देतील का? पटाशी? बाबांच्या हाताला काम नसलं तर मग डोकं तरी कशावर टिकणार. मला असं वाटतं की त्यांचं विसरणं हे रिकामपणाचं आहे. म्हणून माझं म्हणणं असं: आम्ही दोघं मिळून खोकं नीट उतरवतो, विटांचा पाया घालतो आणि पुन्हा उभं करतो. त्यांना ह्या कामातलं काय येतं आणि काय गेलं ते तुला आपोआप कळेल. आणि मी इथेच राहतो. हसू नकोस.

लोभ आहेच, तो नीट झाकून ठेव, सारखा सांडतो.

तुझा,
भिंगरी

---

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. सगळे एकदम देत नाही, तू लगेच उडवतोस.

हसले नाही. तुझं पत्र औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून वाचलं आणि एका बाईंना खोकल्याच्या ऐवजी पोटाचं औषध देत होते, ते मालकांनी वेळेत बघितलं.

मला त्यांना घालवायची हौस नाही रे. आमच्या दोन खोल्या तू बघितल्या आहेस. एकीत सासूबाईंची खाट आहे, त्या आता कुशीसुद्धा स्वतः बदलत नाहीत. दुसरीत आम्ही तिघं, आणि चिमणी टेबलाखाली बसून अभ्यास करते, कारण टेबलावर इस्त्री असते. बाबांना मी ठेवून घेऊ शकले असते तर त्या पिवळ्या घराचा पत्ता शोधत फिरले नसते. गेल्या महिन्यात गॅस उघडा होता. शिवणवाल्या मावशींना कुंपणापलीकडे वास आला म्हणून निभावलं. त्याच्या आधी ते घरच्या चपला घालून बस डेपोत उभे होते आणि कारखान्याची गाडी अजून का आली नाही म्हणून तिथल्या माणसावर चिडले होते. हे रिकामपणाचं आहे असं तू म्हणतोस. तुझ्या तोंडात साखर पडो.

आश्रमातली एक खाट त्यांनी मार्चअखेरपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. तोपर्यंत तू तुझं करून दाखव. खोकं उतरवायचं काम शेवटच्या फळीपर्यंत नीट झालं, बाबांनी ते तुझ्या बरोबरीने केलं, आणि कोणाला इजा झाली नाही, तर मी त्या घराचं नाव काढणार नाही. तू तिथे राहा, बाबा तिथे राहतील, मी महिन्याला सामान पाठवत जाईन. हा माझा शब्द.

पण उतरवा हं, पाडू नका. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लाथ मारून मोकळा होशील. बाबा नेहमी म्हणायचे ते आठव, जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं. दिव्याची वायर घराकडून तोडल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. पत्र्यावर चढायचं नाही, शिडीवरून काढायचे. वारा असेल त्या दिवशी घरात बसून पत्ते खेळा. चपला घालून काम करशील तर तुला माझी शपथ आहे, बूट घाल. भावोजींचे जुने बूट पाठवते आहे, एक नंबर मोठे आहेत, कागद कोंब.

मिठागरावरच्या खेचराची गोष्ट पण लिही, भावोजी विचारत होते.

इकडे सगळे तुझी वाट बघत नाहीत, कारण सवय राहिलेली नाही. पण आलास तर हवासच.

तुझी,
ताई

---

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बूट मिळाले. त्यातून मी चालतो तेव्हा बूट आधी पोचतात आणि मी मागून.

काम फार छान चाललंय. आधी आतलं सगळं बाहेर काढलं. एवढ्याशा खोलीतून किती निघावं? आपली तुटकी झोपाळ्याची फळी निघाली, आई गेल्यापासून न सापडलेलं तिच्या शिवणयंत्राचं झाकण निघालं, आणि एका डब्यात फक्त वाकलेले खिळे. मी विचारलं हे कशाला, तर बाबा म्हणाले की वाकलेले खिळे सरळ करायचे असतात, वेळ मिळाला की. आयुष्यभर वेळ मिळाला नाही म्हणजे बघ. मग मीच बसलो ते सरळ करत, अर्धा दिवस गेला, खोकं बाजूलाच राहिलं. शिवणवाल्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या की तुम्ही खोली उतरवताय की खिळ्यांची शाळा काढली आहे.

मग वायर. बाबांनी स्वतः घरातून फ्यूज काढला आणि खिशात ठेवला, म्हणजे चुकून कोणी लावायला नको. बरोबर आहे की नाही? संध्याकाळभर अंधारात बसलो, कारण कुठल्या खिशात ते आठवेना. पण हे कोणाचंही होतं. माझं तर नेहमी होतं.

खिडकीची काच आधी काढली, चिकटपट्टीच्या फुल्या मारून. मग पत्रे. मी शिडीवर, बाबा खाली. वरचे पत्रे मोकळे करून दोरीने एकेक खाली सोडायचा, ते धारेच्या बाजूला हात न लावता घ्यायचे, हातमोजे घालून. मग पत्र्याखालच्या पट्ट्या, मग वासे. ताई, तू बघायला हवी होतीस. कुठला खिळा कुठे आहे हे त्यांना न बघता ठाऊक. निघालेल्या फळीतला खिळा तिथल्या तिथे उपटायचा, फळी तशीच टाकायची नाही, पाय पडतो. आणि प्रत्येक भिंतीला दोन्हीकडून तिरपे टेकू, छप्पर काढायच्या आधी, कारण छप्पर गेलं की चार भिंती एकमेकींना ओळखत नाहीत, असं म्हणाले. वाक्य बघ केवढं. हा माणूस विसरतो?

आणि धरलं. तुला आठवतं का? तू कधी खोक्यात काम केलं नाहीस, आई तुला येऊ देत नव्हती, म्हणून सांगतो. कारखान्यात एवढ्या खडखडाटात दोन माणसं खोक्याच्या दोन बाजूंना असायची, एकमेकांना दिसायची नाहीत. तेव्हापासून बाबांचा नियम. शेवटचा खिळा काढायच्या आधी विचारायचं, धरलं का. पलीकडच्याने उत्तर द्यायचं, धरलं. हो म्हणायचं नाही. हो तर माणूस चहा घेणार का विचारलं तरी म्हणतो, झोपेत म्हणतो, बायको काय बोलली ते न ऐकता म्हणतो. हो म्हणजे काही धरलेलं नसतं. धरलं म्हणजे धरलं. आणि ज्याने विचारलं त्यानेच सोड म्हणायचं, तोपर्यंत हात काढायचा नाही, मग नाकावर माशी बसो. लहानपणी मी एकदा हो म्हटलं होतं तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

मागची भिंत अशीच उतरवली. टेकू काढले, मी विचारलं, पलीकडून आलं धरलं, खणखणीत. खिळा काढला, भिंत दोघांनी अलगद गवतावर निजवली. मी सोड म्हटलं. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले की आता चहा. मग म्हणाले की तुझी आई शेजारी गेली असेल, येईलच एवढ्यात. मी म्हटलं हो.

आता दोन बाजूच्या आणि पुढची राहिली. एक भिंत झाली की अर्धी मोहीम जिंकली, असं मीच ठरवलंय.

खेचराचं राहिलं. पुढच्या वेळी.

चिमणीला पापा, भावोजींना नमस्कार, तुला काही नाही, तू फार रागावतेस.

तुझा,
भिंगरी

---

५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अक्षराकडे बघू नकोस, पेन बदललं आहे आणि मांडीवर कागद ठेवून लिहितोय. काम थोडं थांबवलंय, वारा आहे. तूच म्हणाली होतीस. बाबा मजेत. पत्ते खेळतो. जास्त काही नाही.

लोभ असाच थोडा आणखी ठेव.

भिंगरी

---

६ मार्च

चि. थोरलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की बऱ्याच दिवसांत तुझी खुशाली कळली नाही. मी इकडे सुखरूप आहे. हवा बरी आहे. शिवणवाल्या बाईंनी कागद आणि तिकीट दिलं, पत्र टाकायलाही त्याच जाणार आहेत, भल्या आहेत.

धाकटा आला आहे. बागेतली खोली उतरवायचं काम काढलं आहे. मुलगा हाताचा चांगला आहे, पण लक्ष ठिकाणावर नसतं, बाहेरून कावळा गेला तरी मान वळते. हल्ली त्याचा हात बांधलेला आहे. कोणी मारलं विचारलं तर सांगत नाही. तुला काही बोलला असेल तर कळव.

मध्यंतरी आम्ही बाजूची भिंत काढत होतो. मी भिंत धरून होतो, तो पलीकडे होता. त्याने रीतसर विचारलं, मी रीतसर सांगितलं. मग मोठा आवाज झाला. मी हात काढला नाही. बाई ओरडत आल्या आणि त्याला कुठेतरी घेऊन गेल्या. मला कोणी सोड म्हणेना. ऊन उतरलं. खांदे भरून आले, पण मी भिंत तसूभर हलू दिली नाही. पूर्वी कारखान्यात याहून जड धरलेलं आहे.

तुझी आई घरात नाही, आली की तिलाही दोन ओळी लिहायला सांगतो. धाकट्याचा हात बांधलेला आहे. कोणी मारलं विचारलं तर सांगत नाही.

मुलीला गोड पापा. जावईबापूंना यथायोग्य सांगणे.

तुझे,
बाबा

---

१२ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेत, पण आज त्यांच्यात जोर नाही.

तुझं आणि बाबांचं पत्र पोस्टमनने एकाच वेळी हातात दिलं. तुझं आधी वाचलं, मग त्यांचं, मग पुन्हा तुझं. वारा आहे म्हणतोस. वारा हात मोडतो का? पेन बदललं की हात बदलला?

मी तुझ्यावर ओरडणार नाही. भावोजी म्हणाले की आधी त्याला विचार हाताला काय झालंय, बाकी सगळं नंतर. म्हणून विचारते आहे. हाताला काय झालंय? आणि बाबा ऊन उतरेपर्यंत काय धरून उभे होते, जर भिंत पडलेली होती तर?

ते वाक्य मला समजलं नाही असं नाही. समजलं आहे, पण तू लिहून पाठव. तुझ्याकडून कळल्याशिवाय मी कुठलंही पाऊल उचलणार नाही.

तुझी,
ताई

---

१७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून ओळी डोंगर चढतात. उजव्या हाताची मधली दोन बोटं चेचली आहेत. डॉक्टर म्हणाले की राहतील, पण वाकणार नाहीत. म्हणजे आता मी सगळ्यांना सारखा आशीर्वाद दिल्यासारखा दिसणार. असो.

झालं ते असं. कुंपणाकडची भिंत होती. टेकू असेपर्यंत काही भीती नाही, पण टेकू काढल्यावर आणि भिंत निजवायच्या आधी तेवढा वेळ ती माणसानेच धरायची असते, त्याला दुसरा उपाय नाही. मी आतल्या बाजूला कटावणी घेऊन होतो, बाबा बाहेरच्या. मध्ये भिंत, म्हणजे दिसत नव्हते. मी विचारलं. त्यांनी सांगितलं धरलं. आवाज इतका पक्का होता की मी आणखी एकदा विचारायचं मनातसुद्धा आणलं नाही. त्या शब्दावर मी लहानपणापासून हात घालत आलोय, तो कधी पोकळ निघाला नाही. खिळा काढला आणि भिंत माझ्याकडे आली. अंग काढून घेतलं, पण हात चौकटीत सापडला.

धूळ बसल्यावर मला बाबा दिसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते पलीकडे मावशींच्या विटांच्या कुंपणभिंतीला दोन्ही तळवे लावून, एक पाय मागे रोवून, मान खाली घालून उभे होते. जसं मला शिकवलं तसंच, अगदी बरोबर. ताई, त्यांनी खोटं सांगितलं नाही. धरलं होतं. भिंत दुसरी होती.

मावशींनी मला दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत बाबांना सोड म्हणायचं राहून गेलं. परत आलो तेव्हा ते तिथेच होते, तसेच. दंड थरथरत होते. मी सोड म्हटलं. त्यांनी हात काढले, तळव्यांकडे बघितलं, आणि विचारलं की भिंत नीट उतरली का. मी हो म्हटलं.

तुला वाऱ्याचं लिहिलं, कारण मला वाटलं बोटं बरी होईपर्यंत आणखी एखादी भिंत नीट उतरवू आणि मग तुला सगळं एकदम सांगू, म्हणजे चांगलं जास्त आणि वाईट कमी दिसेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बूट घालून अंगणात आले आणि कामाला लागूया म्हणाले. त्यांना माझा हात दिसला, कोणी मारलं विचारलं. दर सकाळी विचारतात.

उरलेल्या दोन भिंती मी एकट्याने उतरवल्या, बाबा दुपारी झोपले की. दोऱ्या बांधल्या, एक टोक मावशींच्या झाडाला. विचारणारा मीच आणि उत्तर देणारा मीच. मावशी कुंपणावरून बघत होत्या. फळ्या रचून वर ताडपत्री टाकली आहे. खोक्याच्या जागी चौकोनी पांढुरकं गवत आहे, बाबा त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात, दार होतं तिकडे तोंड करून. आत जाताना दाराच्याच जागेतून जातात.

तुझ्या अटीत हे बसत नाही ते मला माहीत आहे. मी राहतो असं पुन्हा लिहिणार होतो. लिहिलं नाही, कारण काल चहा ठेवून मी मिठागरावरच्या एका गड्याशी फाटकात गप्पा मारत बसलो आणि आत गॅस विझून नुसता चालू होता. ह्या वेळी बाबांनी नाही, मी. तू ठरव.

रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझा,
भिंगरी

---

२० जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मिठागराच्या पत्त्यावर पाठवते आहे, तिथून पुढे तू जिथे असशील तिथे ते पोचावं. बाबांना इथे आश्रमात सोडून तू गेलास त्या दिवशी फाटकातून मागे वळून बघितलं नाहीस, ते मी खिडकीतून बघितलं. बोलायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

बाबा बरे आहेत, म्हणजे जेवतात आणि वजन जात नाही. खोलीत ते आणि एक निवृत्त तिकीट तपासनीस, दोघं एकमेकांना रोज नव्याने भेटतात आणि त्यांचं चांगलं जमतं. तपासनीस त्यांच्याकडे तिकीट मागतात आणि बाबा खिसे चाचपून उद्या देतो म्हणतात. पहिल्यांदा मी हसले होते.

पण गेले काही आठवडे एक नवीनच सुरू झालंय. दुपारनंतर ते व्हरांड्यात जातात आणि टोकाच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभे राहतात. एक पाय मागे. तिथल्या बायकांनी आधी समजावलं, मग दोघींनी मिळून हात काढायचा प्रयत्न केला, तर एवढे ओरडले की सगळी मंडळी बाहेर आली. दमून खाली बसेपर्यंत ते तसेच असतात. पाय सुजतात. डॉक्टर गुंगीच्या गोळ्यांचं बोलू लागले आहेत.

मला कळलं ते काय आहे. तुझं पत्र होतं म्हणून कळलं. मी जवळ गेले आणि सोड म्हटलं. आधी हळू, मग मोठ्याने. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी शहाण्यासारखं, आणि म्हणाले की बाळ, तू बाजूला हो, पलीकडे धाकटा आहे, त्याने अजून म्हटलं नाही. ज्याने विचारलं त्यानेच म्हणायचं, हा त्यांचाच नियम ना. सगळं गेलं आणि एवढा नियम राहिला.

आता माझं ऐक. भावोजींची बदली झाली आहे, लांब, समुद्र ओलांडून. सासूबाई मेमध्ये गेल्या हे तुला कळवलं होतं, पोचलं की नाही कोण जाणे. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला निघतो. बाबांना नेता येणार नाही. इथे त्यांचं म्हणायला कोणी उरणार नाही. आश्रमासमोर एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मालकांना माणूस हवाय, वर माळ्यावर राहायची सोय आहे, मी बोलून ठेवलंय. दोन बोटं वाकत नसली तरी चालेल म्हणाले. तू फक्त दिवस कलला की समोर जायचं, व्हरांड्याच्या टोकाला उभं राहायचं आणि तो एक शब्द म्हणायचा. मग ते जेवायला बसतील. रोज. एवढंच काम आहे, आणि ते जगात दुसरं कोणी करू शकत नाही.

मी माझ्या बाजूने हात काढते आहे रे. काढावाच लागतोय. म्हणून बाबांच्या रीतीने विचारते, आणि त्याच रीतीने उत्तर दे, एका शब्दात दिलंस तरी पुरे, बाकी गप्पा नकोत.

धरलंस का?

तुझी,
ताई

---

२६ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र बरंच फिरून मिळालं. मिठागरावरून ते तंबूवाल्यांकडे गेलं, तिथून इकडे. मी आता होड्या रंगवतो. रंग छान आहेत, निळा सगळ्यात महाग आणि सगळ्यात लवकर उडतो. ब्रश धरायला तीन बोटं पुरतात, उलट मालक म्हणतो की माझी रेघ बाकीच्यांपेक्षा सरळ येते. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, ते आधीचं पत्र मला मिळालं नव्हतं. मला एकदा त्यांनी गुपचूप दुसऱ्यांदा वाढलं होतं, तू बघत नव्हतीस तेव्हा.

सायकलचं दुकान बरं वाटतंय. मला पंक्चर काढता येतं. माळ्याला खिडकी आहे का? नसली तरी काही नाही.

जूनच्या शेवटी, तुझं पत्र मिळायच्या आधीच, मी एकदा तिकडे आलो होतो. तुला सांगितलं नाही. आश्रमाच्या मागच्या गल्लीत तो व्हरांडा संपतो, तिथली भिंत बाहेरून दिसते, पिवळी, खाली शेवाळ. मला तेव्हा माहीत नव्हतं की ते आतून तिला धरून असतात. मी तिला टेकून बराच वेळ उभा होतो, एक पेरूवाला गेला, एक मुलगी सायकल शिकत होती, ती दोनदा पडली. मग बस आली आणि मी तीत बसलो. तुझं पत्र वाचल्यापासून ती भिंत डोक्यातून जात नाही. आणि असंही वाटतं की मी सोड म्हटलं आणि त्यांनी सगळंच सोडलं तर. मूर्खपणा आहे. पण त्यामुळे दोनदा थांब्यापर्यंत जाऊन परत आलो.

इथला हंगाम संपत आलाय. मालक आणखी चार होड्या म्हणतो, त्या झाल्या की निघतो. नाहीतर मधल्या सुट्टीतच येतो. तुम्ही निघायच्या आत गाठतोच, चिमणीला खेचराची गोष्ट सांगायची राहिली आहे, आता ती मोठी झाली, तिला टोपीचा भाग जास्त आवडेल. मावशींनी कळवलंय की ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि फळ्या भिजल्या. सगळ्यात वर जी आहे तिच्यावर ‘नाजूक’ आहे म्हणे. मी त्यांना म्हटलं चुलीला घ्या.

बोटीत उलटी होते म्हणतात, चिमणीला लिंबू दे. बाबांना माझा नमस्कार सांग. लोभ जाताना बरोबर नेऊ नकोस, थोडा इथे ठेव.

तुझा,
भिंगरी

ता. क. तू विचारलंस त्याचं उत्तर लिहायचं राहिलं. हो.